रिफंडसाठी आधार-पॅन मागितले, तर द्यायचे काय आणि खर्च किती?

मिक्सर परत गेला. पिकअपला आलेल्या मुलाने खोका नेला, ओटीपी घेतला, ॲपवर ‘रिटर्न पूर्ण’ असे दिसलेही. दोन दिवसांनी मेसेज येतो: ‘आपला रिफंड प्रलंबित आहे. आधार कार्डाच्या दोन्ही बाजूंचे आणि पॅन कार्डाचे फोटो अपलोड करा.’ रक्कम असते तीन-साडेतीन हजारांची. बहुतेक जण कपाटातून कार्ड काढतात, फोटो घेतात आणि पाठवून मोकळे होतात. पैसे अडकलेले असतात, वाद घालायला सवड नसते आणि आधारची झेरॉक्स तर लॉजपासून सिमकार्डाच्या दुकानापर्यंत सगळीकडे दिलेलीच असते.

थोडे थांबा. अशा बहुतेक प्रसंगी ही मागणी तुम्हाला नाकारता येते. नाकारायला पैसेही फारसे लागत नाहीत, लागते ती थोडी चिकाटी.

आधी मुख्य गोष्ट. तुम्ही कार्डाने, यूपीआयने किंवा नेट बँकिंगने पैसे दिले असतील, तर ते ज्या खात्यातून गेले त्या खात्याची केवायसी बँकेने केव्हाच केलेली असते. पैसे त्याच वाटेने परत पाठवायचे असतील तर तुम्ही कोण, हे दुकानाने नव्याने तपासण्याची गरज नाही. रिझर्व्ह बँकेने २०२० साली पेमेंट ॲग्रिगेटर कंपन्यांना, म्हणजे दुकान आणि बँक यांच्या मधल्या दुव्याला, हेच सांगितले आहे: रिफंड मूळ मार्गानेच जावा, ग्राहकाने मान्य केले तरच दुसऱ्या मार्गाने. त्यामुळे ‘मूळ पेमेंट पद्धतीनेच परत करा’ हे वाक्य पाठ करून ठेवा. निम्म्या वादाचे उत्तर त्यातच आहे.

दुकानांची बाजूही खोटी नाही. रिकामा खोका आल्याची खोटी तक्रार करणारे, महागडा फोन मागवून खोक्यात जुना भरून परत पाठवणारे लोक आहेत आणि त्यात विक्रेत्यांचे खरे नुकसान होते. पण ते रोखायला त्यांच्याकडे डिलिव्हरीचा ओटीपी असतो, पत्ता असतो, पिकअपच्या वेळी काढलेले वस्तूचे फोटो असतात, तुमचा ऑर्डरांचा इतिहास असतो. खोक्यात वीट होती की फोन, हे आधार कार्डावरून ठरत नाही.

कागद मागणे रास्त असते असे प्रसंग मोजकेच आहेत. कॅश ऑन डिलिव्हरीने घेतलेल्या वस्तूचे पैसे परत हवे असतील तर खाते क्रमांक, आयएफएससी कोड किंवा यूपीआय आयडी द्यावाच लागतो. खात्यावरचे नाव आणि ऑर्डरवरचे नाव जुळवणेही योग्यच. मात्र त्यासाठी पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो किंवा रद्द केलेला चेक पुरतो. एका व्यवहारात दोन लाखांहून अधिक किमतीची खरेदी, मुख्यतः दागिने, केली असेल तर आयकर नियमांनुसार पॅन द्यावाच लागतो, पण तो खरेदीच्या वेळी. परदेशातून कुरिअरने वस्तू मागवली तर कस्टम्ससाठी केवायसी होते, तीही वस्तू आत येताना. या सगळ्यांत रिफंडच्या वेळी प्रथमच आधार मागण्याचे कारण सापडत नाही.

सर्वांत जास्त लोक अडकतात ते वॉलेटमध्ये. रिटर्न नोंदवताना पडद्यावर दोन पर्याय येतात. ‘लगेच वॉलेटमध्ये’ हा मोठ्या रंगीत बटणावर आणि ‘मूळ पेमेंट पद्धत, ५ ते ७ दिवस’ हा खाली बारीक अक्षरांत. घाईत पहिला दाबला जातो. मग कळते की वॉलेटमधले पैसे बँकेत न्यायचे तर केवायसी हवी. इथे मात्र नियम खरोखरच आहेत: रिझर्व्ह बँकेने प्रीपेड वॉलेटना केवायसीच्या पायऱ्या घालून दिल्या आहेत आणि पूर्ण केवायसीशिवाय वॉलेटमधून बँकेत पैसे वळवता येत नाहीत. स्टोअर क्रेडिट असेल तर ते त्याच दुकानात खर्च करावे लागते, रोख मिळतच नाही. म्हणजे आठवडाभर थांबायचे टाळले आणि बदल्यात कागद द्यावे लागले. आठवडाभर थांबा.

चुकून वॉलेटचा पर्याय दाबला गेला असेल, तर त्याच दिवशी ग्राहक सेवेला लेखी कळवा की मूळ मार्गाने रिफंड हवा. रक्कम वॉलेटमध्ये जमा होण्यापूर्वी बदल करून मिळण्याची शक्यता अधिक.

आता नकार कसा द्यायचा. फोनवर वाद घालू नका, फोनचा पुरावा उरत नाही. ॲपमधल्या चॅटमध्ये किंवा ई-मेलवर साधारण असे लिहा:

‘ऑर्डर क्रमांक अमुक, रक्कम अमुक रुपये. वस्तू अमुक तारखेला परत केली, पिकअपची पावती सोबत आहे. ही रक्कम मी यूपीआयने दिली होती, ती त्याच मार्गाने परत करावी. ओळखपत्राची मागणी कोणत्या कायद्याच्या कोणत्या तरतुदीनुसार केली, ते कशासाठी वापरणार, किती काळ ठेवणार आणि कोणाला देणार, हे लेखी कळवावे. ओळखपत्राशिवाय पडताळणीचा मार्ग असल्यास तोही कळवावा.’

एवढेच. रागाचे एकही वाक्य नको. पुष्कळदा ‘कोणती तरतूद’ या प्रश्नाला उत्तर येत नाही, रिफंड येतो.

न आल्यास तोच मजकूर तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा. ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार या अधिकाऱ्याचे नाव, पद आणि संपर्क संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. पानाच्या अगदी तळाशी शोधा. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, ही मुदत नियमातच आहे. आधारविषयी आणखी एक मुद्दा हाताशी ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर आधार कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार आधारची ऑफलाइन पडताळणी करणाऱ्या संस्थेने तुमची संमती घ्यायला हवी, आधारऐवजी दुसरा कोणता पुरावा चालेल ते सांगायला हवे, आणि आधार क्रमांक गोळा करणे, वापरणे किंवा साठवणे तिला मनाई आहे. दोन्ही बाजूंचा फोटो मागणारा मेसेज या तरतुदीपुढे टिकत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तेरा ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला भुलवणाऱ्या पडद्यावरच्या युक्त्या, फसव्या ठरवल्या. त्यांपैकी ‘सक्तीची कृती’ या प्रकारात खरेदीसाठी गरज नसताना आधारशी जोडलेली माहिती द्यायला लावणे येते. रिफंडचे नाव त्यात स्वतंत्रपणे नाही, तरी तक्रारीत हा दाखला जरूर द्या.

विदासंरक्षणाचा २०२३ चा कायदाही गरजेपुरतीच माहिती घ्या, असे सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे. सध्या भर ग्राहक कायद्यावरच द्या.

खर्चाचे बोलू. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, शुल्क शून्य, मराठीत बोलता येते. हेल्पलाइन निकाल देत नाही. ती तक्रार कंपनीकडे पाठवते आणि पाठपुरावा करते. दोन-चार हजारांच्या वादांत अनेकदा तेवढ्याने काम होते. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे विक्रेत्याकडून पैसे परत मिळवून देण्याचा, अर्ज करता येतो. कार्ड नेटवर्कची मुदत सर्वसाधारणपणे १२० दिवसांची असते, बँक त्याहून कमीही लावू शकते, म्हणून महिनाभर कंपनीच्या आश्वासनांवर काढू नका. अर्ज करताना शुल्काचे विचारून घ्या. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, तोही विनाशुल्क.

शेवटची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचे शुल्क काहीच नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये. वकील सक्तीचा नाही. कंपनीचे कार्यालय बेंगळुरूत किंवा गुरुग्रामला असले तरी तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. सांगलीच्या ग्राहकाने सांगलीतच दाखल करावी. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते आणि सुनावणी व्हिडिओद्वारे मागता येते. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. खिशातून जातात ते कागदांच्या छपाईचे, प्रतिज्ञापत्राच्या नोटरीचे आणि आधी नोटीस धाडायची असेल तर स्पीड पोस्टचे. वेळेचा खर्च मात्र खरा आहे. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून पाचशे रुपयांच्या टी-शर्टसाठी मी कोणाला आयोगात जा म्हणणार नाही, चौदा हजारांच्या फोनसाठी नक्की म्हणेन. तक्रारीत मूळ रकमेसोबत मनस्तापाची भरपाई आणि खर्चही मागा. मागितल्याशिवाय मिळत नाही. मसुदा जमत नसेल तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांकडे मार्गदर्शन मिळते.

इन्स्टाग्रामवरून साड्या विकणाऱ्या एकट्या-दुकट्या विक्रेत्याकडे तक्रार अधिकारी बहुधा सापडत नाही. तिथे रक्कम जाऊ देणे परवडले, पण आधार पाठवणे नको.

काही वेळा तुम्ही विचारपूर्वक ठरवाल की वाद नको, कागद देऊन टाकू. तो निर्णय तुमचा. मग निदान मास्क्ड आधार द्या. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ते फुकट उतरवता येते. डाउनलोड करताना ‘मास्क्ड आधार’ची चौकट टिक करायची, म्हणजे पहिले आठ अंक झाकले जाऊन शेवटचे चारच दिसतात. त्या प्रतीवर आडवे, छायाचित्राला थोडे छेदून लिहा: ‘फक्त ऑर्डर क्रमांक अमुकच्या रिफंडसाठी’, खाली तारीख आणि कंपनीचे नाव. पॅनवरही तसेच. दोन्ही एकत्र शक्यतो देऊ नका. पॅन, जन्मतारीख आणि पत्ता एका हाती गेले की परस्पर कर्ज काढणाऱ्याचे काम सोपे होते. प्रत व्हॉट्सॲपवर नको, कंपनीच्या ॲपमध्येच अपलोड करा.

आणि मागणारी खरोखर ती कंपनीच आहे ना, हे आधी पाहा. सर्च करून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ क्रमांकांत भामट्यांचे क्रमांक भरपूर असतात. ते आधी आधार मागतात, मग ओटीपी, मग स्क्रीन दाखवणारे ॲप टाकायला लावतात, शेवटी ‘रिफंड स्वीकारण्यासाठी’ यूपीआय पिन टाका म्हणतात. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. तसे झाले तर मिनिटभरही न दवडता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली गेली तरच परत मिळण्याची आशा असते.

‘रिफंड आमच्याकडून झाला, बँकेला विचारा’ असे उत्तर आले तर व्यवहाराचा संदर्भ क्रमांक मागा. कार्डासाठी त्याला एआरएन म्हणतात, यूपीआयसाठी तो बारा अंकी असतो. त्यावरून बँक पैसे कुठे आहेत ते सांगते. क्रमांक देता येत नसेल तर रिफंड निघालेलाच नाही असे समजून चला.

मुले ब्रिटनमध्ये किंवा युरोपात असतील तर त्यांनाही एवढे कळवा: तिथे ऑनलाइन खरेदी रद्द केल्यावर चौदा दिवसांत, मूळ पेमेंट पद्धतीनेच पैसे परत करण्याचा कायदा आहे. वस्तू परत पोचेपर्यंत किंवा पाठवल्याचा पुरावा मिळेपर्यंत विक्रेता थांबू शकतो, एवढेच. गरजेपेक्षा जास्त माहिती गोळा करू नये, हे तत्त्वही तिथल्या विदासंरक्षण कायद्यात आहे.

आधीच कागद पाठवून बसला असाल तर घाबरून जाऊ नका, तीन कामे करा. एमआधार ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करा. संचारसाथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते पाहा, अनोळखी असेल ते तिथेच कळवा. आणि सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षाला एकेक क्रेडिट अहवाल फुकट मिळतो, तो तीन-तीन महिन्यांच्या अंतराने एकेकीकडून मागवा, म्हणजे वर्षभर नजर राहते. न घेतलेले कर्ज दिसले तर लगेच हरकत नोंदवा. तीस दिवसांत तिचा निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे, म्हणून हरकतीच्या पोचपावतीवरची तारीख जपून ठेवा.