दोन पावलांचा हिशेब

हनुमान जयंतीस व श्रावणांतील शनिवारीं भद्रा मारुतीच्या दर्शनासाठीं छत्रपति संभाजीनगराहून पायीं येणाऱ्या भक्तांची आमच्या खुलताबादेस रीघ लागते. वाट सुमारें २५ किलोमीटर, आणि शेवटीं घाटाची चढण. त्या गर्दींत ओळखीचा मनुष्य चेहरा दिसण्यापूर्वींच चालीवरून ओळखूं येतो. कोणाच्या तळव्यास फोड आला आहे, हेंही दुरून कळतें. जें डोळ्यांस असें कळतें, तें आंकड्यांत मांडतां येईल काय? विद्यार्थिमित्रहो, या प्रश्नाचा आपण येथें विचार करूं.

प्रथम शब्द निश्चित करूं. डावी टांच टेंकली तेथून पुढें उजवी टांच टेंकेल तेथपर्यंतचें अंतर, तें उजवें पाऊल. तेथून पुढील डाव्या टांचेपर्यंतचें अंतर, तें डावें पाऊल. दोन्ही मिळून एक ढांग होते. साधारण चालींत एका ढांगेच्या काळापैकीं प्रत्येक पाय सुमारें ६० टक्के वेळ जमिनीवर व ४० टक्के वेळ हवेंत असतो. दोन्ही पायांचा हा हिशेब जितका जुळेल, तितकी चाल सम.

गतवर्षीं कवायतीच्या तासास आठव्या इयत्तेंतील एका विद्यार्थ्याचें पाऊल रांगेशीं जुळेना. तो आळस आहे असें समजून आम्ही त्यास सर्वांदेखत टाकून बोललों. दुसऱ्या दिवशीं गणिताच्या तासास मोजमापाचा धडा होता. मुलांनीं ओल्या पायांनीं व्हरांड्यांतून सहज चालावें, आणि सोबत्यांनीं टांचेच्या ठशामागें खडूनें रेघ ओढावी, असें ठरलें. निघतांना व थांबतांना चाल स्वाभाविक नसते. म्हणून आरंभींचीं व शेवटचीं दोन दोन पावलें सोडून मधलीं दहा घेतलीं.

त्या मुलाच्या खुणा मोजणाऱ्यांनीं एका उजव्या टांचेपासून पुढच्या उजव्या टांचेपर्यंत टेप लाविली. अंतर १२० सेंटिमीटर भरलें. डाव्या टांचेपासून डाव्या टांचेपर्यंतही १२०. “गुरुजी, दोन्ही सारखेंच!” असें ते मोठ्या आनंदानें म्हणाले. परंतु येथेंच चूक आहे. सरळ चालणाऱ्याच्या उजव्या व डाव्या ढांगा सारख्या भरावयाच्याच. तशा न भरत्या, तर एक पाय दुसऱ्यास मागें टाकून निघून गेला असता! विषमता शोधावयाची तर ढांगेचे दोन्ही भाग निराळे मोजले पाहिजेत. तसें करतांच उजवें पाऊल सरासरी ६६ व डावें ५४ सेंटिमीटर निघालें.

आतां सूत्र पाहूं. रॉबिन्सन, हर्झोग व निग या संशोधकांनीं १९८७ सालीं दोन्ही पायांचा जमिनीवरील जोर ताडून पाहण्यासाठीं जें सूत्र मांडलें, तें येथेंही उपयोगीं पडतें. दोहोंतील फरकास दोहोंच्या सरासरीनें भागावें व १०० नें गुणावें. फरक १२, सरासरी ६०; म्हणून उत्तर २० टक्के. पावलें अगदीं समान असतीं, तर उत्तर शून्य आलें असतें. सरासरीनें भागण्याचें कारण असें कीं, उंच मनुष्याच्या लांब पावलांत १२ सेंटिमीटरांस जो अर्थ आहे, तोच लहान मुलाच्या पावलांत नाहीं.

“डावें पाऊल आंखूड, तेव्हां डावाच पाय दुखत असेल,” असा मुलांनीं निवाडा दिला. वस्तुस्थिति उलट होती. दुखऱ्या पायावर भार फार वेळ सोसवत नाहीं. म्हणून चांगला पाय घाईनें येऊन लवकर टेंकतो, आणि त्याचेंच पाऊल आंखूड पडतें. आम्हीं मुलास बाजूस घेऊन उजवा तळवा पाहिला. पंजाखालीं बाभळीचा कांटा मोडून राहिला होता. दवाखान्यांत जावयाचें म्हणजे वडिलांचा मजुरीचा दिवस बुडणार, म्हणून त्यानें तो लपविला होता. आम्हीं स्वतः त्यास सरकारी दवाखान्यांत नेलें. महिन्यानंतर पुन्हां मोजलें, तेव्हां उजवें ६१ व डावें ५९ भरलें; म्हणजे विषमता ३ टक्क्यांहून थोडी अधिक.

चालीचें हें शास्त्र नवें नव्हे. जर्मनींत वेबर बंधूंनीं १८३६ सालीं मनुष्याच्या चालण्यावर ग्रंथ लिहिला. १८९५ सालीं ब्राउन व फिशर यांनीं छायाचित्रांच्या साह्यानें चालीचें सूक्ष्म गणित प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पुण्याचें कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्यें स्थापन झालें, आणि पुढें रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनीं ‘जयपूर पाय’ घडविला. अशा पायावर चालणाऱ्याचा आंकडा बहुधा शून्यावर येत नाहीं, आणि आलाच पाहिजे असेंही नाहीं. धडधाकट मनुष्याचीं पावलें तरी कोठें तंतोतंत सारखीं असतात? पाय न दुखतां, न पडतां तो आपल्या शेतापर्यंत जाऊं लागला, म्हणजे आंकड्याचें काम झालें.

विद्यार्थिमित्रहो, एक टेप, खडू आणि ओले पाय एवढ्यावर हा प्रयोग घरीं करून पाहा. ज्याचा आंकडा मोठा निघेल त्यास हंसूं नका, “कोठें दुखतें?” असें विचारा. तोच प्रश्न आम्हीं कवायतीच्या तासास विचारला असता, तर त्या मुलाची मान रांगेंत खालीं गेली नसती. पुढें त्याच रांगेपुढें आम्हीं त्याची क्षमा मागितली. परंतु कांटा निघाला तितक्या सहज तो बोल निघाला असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.