वाढत्या डुकरांचें खाद्य

ज्वारी व मका पोटभर खाऊनही वाढत्या डुकराचें अंग भरत नाहीं, व पाळणाऱ्या गरिबाचे श्रम व्यर्थ जातात. याचें कारण आपण पाहूं.

मांस प्रथिनांचें बनतें, व प्रथिनें अमिनो आम्लांचीं. यांपैकीं सुमारें १० आम्लें डुकरास अन्नांतूनच मिळावीं लागतात. ज्वारी-मक्यांत सर्वांत उणें पडणारें आम्ल म्हणजे लायसिन. पिंपाची एक फळी आखूड असली, तर पाणी तिच्या उंचीपर्यंतच राहतें. तद्वत् लायसिन संपलें कीं उरलेल्या आम्लांचें मांस होत नाहीं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २०१२ सालच्या कोष्टकानुसार २५ ते ५० किलोंच्या डुकरास खाद्यांत शेंकडा ०.९८ पचणारें लायसिन लागतें; ७५ ते १०० किलोंच्यास ०.७३ पुरतें. मक्यांत व ज्वारींत तें शेंकडा ०.३ हूनही कमी असतें. भुईमुगाच्या पेंडीपेक्षां सोयाबीनच्या पेंडींत तें जवळजवळ दुप्पट आहे. कच्चें सोयाबीन मात्र घालूं नये. त्यांतील पचनास रोधक द्रव्य उष्णतेनेंच निष्प्रभ होतें.

म्हणून आम्ही सुचवितों कीं, पेंड घेतांना प्रथिन किती एवढेंच न पाहतां तें कोणतें, हेंही विचारावें. आणि पैसा थोडा असल्यास ती पेंड प्रथम लहान डुकरांस द्यावी.