जुन्या लेन्सची काच पारखताना

मालवण किनाऱ्यावर जुन्या लेन्सला सर्वांत जास्त भय बुरशीचे. जून ते सप्टेंबर हवा ओलसर, त्यात काचेवर बसलेले समुद्राचे खारे कण ओल धरून ठेवतात. कपाटात, कातडी केसमध्ये वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी काठाकडून आत पसरत जाते, कोळिष्टकासारखी. ती धूळ आणि तेलकट अंशावर जगते. मात्र तिच्यातून निघणारी आम्ले काचेवरचा लेप, आणि पुढे काचही, कोरतात. त्यामुळे लेन्स उघडून पुसल्यावर धागे जातात, पण कोरलेल्या खुणा राहतात.

अनुभव असा, की विकणारा ‘काच स्वच्छ आहे’ म्हणतो तेव्हा त्याने ती खिडकीच्या उजेडातच पाहिलेली असते. लेन्स कॅमेऱ्यापासून काढून, ॲपर्चर पूर्ण उघडून, मागून तिरपी टॉर्च मारली की खरे दिसते. पातळ धुरकट पडदाही तेव्हाच कळतो. समोरून ऊन असताना हा पडदा चित्र फिके करतो. चार-दोन धूळकणांनी किंवा बारीक चऱ्याने सहसा तेवढे बिघडत नाही. जुन्या काचेतल्या हवेच्या बुडबुड्यांना घाबरू नये. उत्तम प्रतीच्या काचेतही ते असत.

झेनिट कॅमेऱ्यांवर येणाऱ्या हेलिऑस ४४-२ मध्ये सहा भिंगे चार गटांत असतात, म्हणजे दोन जोड्या चिकटवलेल्या. अशा जोडीचा डिंक सुटला की काठाशी इंद्रधनुषी वलय दिसते. ते घरी दुरुस्त होत नाही. बुरशी जोडाच्या आत असेल तर तीही पुसता येत नाही. असा नग स्वस्तातही घेऊ नये.

काही लेन्सच्या काचेत थोरियम असते. सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ च्या सात भिंगांच्या आवृत्तीतली काच त्यामुळे पिवळी पडते. थेट उन्हात काही दिवस ठेवल्यास पिवळेपणा बराच उतरतो. कोकणात त्यासाठी ऑक्टोबरच्या उन्हाची वाट पाहावी लागते.

लेन्स ठेवायची तर कातडी केस बाजूला काढावी. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवून आकडा ४० ते ५० टक्क्यांत राखावा. डांबराच्या गोळ्या डब्यात नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते. पावसाळ्यात जेल लवकर भरते. रंग बदलला की तापवून, गार करून परत ठेवावे.