खंडित वैद्यकीय शिक्षण आणि फेरप्रवेश

कंधार तालुक्यातील एका शेतकरी गृहस्थांनी पाठविलेल्या दीर्घ पत्राचा मथितार्थ असा की, त्यांच्या कन्येस शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, प्रथम वर्षाच्या मध्यावर फुप्फुसावरणाचा क्षय उद्भवला, त्यापाठोपाठ मनही खचले, आणि अखेरीस वडील स्वतः जाऊन तिला सामानसुमानासह वसतिगृहातून घरी घेऊन आले. आता प्रकृती सुधारली असून मुलीचे लक्ष पुन्हा डॉक्टरीकडे लागले आहे. परंतु मामा म्हणतात की तिला लातूरला ठेवून नीट परीक्षा पुन्हा द्यायला लावावी, चुलते म्हणतात की आता स्थळ पाहावे, आणि आजारपणात सोडलेले शिक्षण पुन्हा मागण्याचा हक्क मुलीला उरला आहे की नाही, या विवंचनेत वडिलांची झोप उडाली आहे. या आशयाची पत्रे नांदेड-लातूरकडून अधूनमधून येतच असतात, म्हणून हे उत्तर सर्वांसाठी देत आहे. नावगाव अर्थातच गाळले आहे.

हक्क उरला आहे. मात्र तो कोणत्या स्वरूपात उरला आहे, हे मुलीला आणताना आपण कोणत्या कागदावर सही केली यावर अवलंबून आहे, आणि आपल्या पत्रात नेमका हाच तपशील नाही. आजारपणाच्या कारणास्तव रजा मागणे आणि प्रवेश रद्द करून मूळ कागदपत्रे परत घेणे, या दोन गोष्टी घाबरलेल्या बापाला त्या घटकेला सारख्याच वाटतात. दप्तराच्या दृष्टीने मात्र त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रे आपल्या कपाटात आहेत की अद्याप महाविद्यालयाच्या ताब्यात आहेत, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होईल.

रजेचा अर्ज दिला असेल आणि प्रवेश रद्द झालेला नसेल, तर मुलीची जागा कायम असण्याचा पुष्कळ संभव आहे आणि तिला कोणतीही प्रवेशपरीक्षा नव्याने देण्याचे कारण नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीप्रमाणे प्रवेशाच्या तारखेपासून ९ वर्षांच्या आत अभ्यासक्रम पुरा झाला पाहिजे आणि प्रथम वर्षाच्या परीक्षेस चारांहून अधिक संधी मिळत नाहीत. ही मुदत आजारपणातही चालू राहते असे धरूनच हिशेब करावा. एक वर्ष गेले म्हणून आकाश कोसळत नाही, पण दरवर्षी विचार करू म्हणत स्वस्थ बसण्याइतकी ती मुदत ऐसपैसही नाही. तात्त्विक विषयांत ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांत ८० टक्के उपस्थितीची अट असल्याने बुडालेले अर्धे वर्ष तसेच पुढे रेटता येणार नाही, बहुधा पुढच्या तुकडीबरोबर प्रथम वर्षाला नव्याने बसावे लागेल, आणि ते मुलीच्या हिताचेच होईल. अधिष्ठात्यांच्या नावे अर्ज करावा, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मंजुरी लागते काय याची विचारणा त्याच अर्जात लेखी करावी, आणि अर्जाच्या नकलेवर आवक क्रमांकासह पोच घेतल्याखेरीज कचेरीबाहेर पाऊल टाकू नये. कारकुनाने तोंडी दिलेला होकार दोन महिन्यांनी कोणाच्याच स्मरणात राहत नाही.

रजेचा अर्जही नाही आणि रद्द केल्याचा कागदही नाही, अशी अधांतरी अवस्था असेल, तर हे उत्तर वाचून होताच निघावे. दीर्घकाळ विनापरवाना गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्याचे नाव पटावरून कमी करण्याची तजवीज केव्हा सुरू होईल, हे सांगता येत नाही.

प्रवेश रद्दच झाला असेल, तर मामांचे म्हणणे खरे, नीट पुन्हा द्यावी लागेल. कारण त्या परीक्षेचे गुण केवळ त्याच वर्षीच्या प्रवेशाला चालतात. वयाची कमाल मर्यादा २०२२ मध्ये उठली आहे आणि प्रयत्नांच्या संख्येवरही बंधन नाही. मराठवाड्यातील मुलांसाठी पूर्वी जे ७०:३० चे प्रादेशिक सूत्र होते ते २०२० मध्ये रद्द झाले असल्याने आता स्पर्धा सबंध राज्याशी आहे, हेही ध्यानात असू द्यावे. पूर्वीच्या वर्षातील उपस्थिती वा गुण नव्या प्रवेशाला जोडून मिळतील असे गृहीत धरू नये. जागा सोडण्यासंबंधी जे बंधपत्र आपण लिहून दिले असेल ते काढून अक्षरशः वाचावे, आणि त्या वर्षीच्या सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत पूर्वी प्रवेश घेतलेल्यांविषयी काय लिहिले आहे ते अर्ज भरण्यापूर्वीच पाहावे.

लातूरविषयी मात्र माझे मत थोडे कडक आहे. त्या शहराने हजारो घरांत पहिला डॉक्टर निर्माण केला, याचा अभिमान मलाही आहे. परंतु खोलीवरचा डबा, पहाटेपासून रात्रीपर्यंतचे क्लास आणि दर आठवड्याच्या चाचणीचे भिंतीवर लागणारे गुण, हा क्रम क्षयातून आणि खिन्नतेतून नुकत्याच उठलेल्या शरीराला पहिल्या दिवसापासून झेपणारा नव्हे. जागा कायम असणाऱ्या मुलीने तर रिपीटर तुकडीकडे फिरकण्याचेही प्रयोजन नाही. जागा गेलेलीच असेल, तर निदान पहिले काही महिने घरी राहून, स्वतःच्या गतीने अभ्यास करावा.

आता प्रकृतीकडे वळतो. क्षयाचा औषधोपचार साधारणतः ६ महिन्यांचा असतो. तो पुरा झाल्याचा दाखला शासकीय क्षयरोग केंद्रातून घ्यावा आणि त्यानंतर ६, १२, १८ व २४ महिन्यांनी तपासणी करून घ्यावी, कारण आपल्या कन्येला पुढे ज्या वॉर्डांत उभे राहायचे आहे तेथे या रोगाशी रोजची गाठ आहे. केवळ फुप्फुसावरणाचा क्षय, फुप्फुसात विकार नसेल तर, सहसा दुसऱ्याला लागत नाही. तेव्हा वसतिगृहात कोणी वेगळे ताट मांडण्याचा आग्रह धरल्यास तो अज्ञानमूलक समजावा.

मनाच्या दुखण्याविषयी आपण पत्रात एकच ओळ लिहिली आहे, तीही खोडून पुन्हा लिहिलेली. रोगाने आलेला अशक्तपणा, घरापासून दुरावा, शरीरविच्छेदनाच्या दालनातील पहिले महिने, आणि क्वचित प्रसंगी क्षयावरील आयसोनियाझिड हे औषधसुद्धा, अशी अनेक कारणे एकत्र येऊन मन खचते. रिफॅम्पिसिनमुळे मनोविकारावरील काही औषधांचा रक्तातील अंश कमी होतो. म्हणून क्षयाची औषधे बंद झाली की मनोविकारतज्ज्ञाकडून मात्रेचा फेरविचार करून घेणे अगत्याचे आहे, आणि बरे वाटू लागले म्हणून त्या गोळ्या आपल्या मताने थांबवणे घातक आहे. खिन्नता ओसरल्यावरही त्या सहसा ६ ते ९ महिने चालू ठेवाव्या लागतात. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. रात्री-अपरात्री मन घाबरले तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. आपली कन्या यात एकटी आहे असेही मानू नये. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नेमलेल्या कृतिदलाच्या २०२४ च्या अहवालात, पाहणीला उत्तर देणाऱ्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक विकार असल्याचे नमूद केले आहे.

येथे एक अप्रिय गोष्ट लिहितो. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या, तेथे प्रकृती ढासळत असतानाही शिकत राहिल्या, ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळवली आणि कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक हाती असताना २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, क्षयाने पुण्यात वारल्या. त्यांच्या धैर्यापुढे मस्तक नम्र होते. परंतु आजारी पडूनही त्या थांबल्या नाहीत, हा त्यांच्या चरित्रातील गौरवाचा भाग म्हणून आपण शाळाशाळांतून इतकी वर्षे सांगत आलो की, जे मूल वेळीच थांबते ते आपल्याला कच्चे वाटू लागले. आनंदीबाईंच्या काळी क्षयावर औषध नव्हते, परदेशातून परत यायचे तर महासागर ओलांडायचा होता, आणि एकदा मागे वळल्यावर दुसरी संधी देणारे कोणी नव्हते. आपल्या मुलीजवळ औषध, परतीची वाट आणि दुसरी संधी या तिन्ही गोष्टी आहेत. तिने थांबून उपचार घेतला हे वैद्यकीय दृष्ट्या योग्यच केले, आणि आपण तिला घरी आणलेत हेही.

परत जाण्याची सिद्धता कशी ओळखावी? रक्ताचा अहवाल आणि छातीचे चित्र यांनी अर्धेच उत्तर मिळते. निदान दोन महिने घरीच महाविद्यालयाचा दिनक्रम पाळून पाहावा: ठरल्या वेळी उठणे, आठ तास काम व अभ्यास यांत घालवणे, त्यांपैकी दोन-तीन तास उभ्याने, आणि रात्री औषधाच्या वेळेला धरून झोपणे. संध्याकाळी कंधारच्या जगत्तुंग सागराच्या काठाने चालण्यास जागा उत्तम आहे. धाप न लागता तासभर चालणे जमले की फुप्फुसांची काळजी पुष्कळ कमी होते. या दोन महिन्यांत वजन घटले, झोप उडाली किंवा पुस्तक उघडताच रडू येऊ लागले, तर रुजू होण्याची तारीख पुढे ढकलण्याविषयी डॉक्टरांशी आणि महाविद्यालयाशी आताच बोलावे. रुजू होऊन पुन्हा परतण्यापेक्षा ते सर्वथा बरे.

आरोग्याच्या दाखल्यात आजार लपवण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. तो मानू नये. क्षयातून बरे होणे किंवा खिन्नतेवर औषध चालू असणे, एवढ्याने कोणी डॉक्टर होण्यास अपात्र ठरत नाही. खोटा दाखला मात्र पुढे कधीही अंगाशी येऊ शकतो. कायमचे अपंगत्व आलेल्यांच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने ओंकार रामचंद्र गोंड यांच्या प्रकरणात १५ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पष्ट केले आहे की, केवळ टक्केवारीचा आकडा पाहून विद्यार्थ्यास प्रवेश नाकारता येत नाही. तो हा अभ्यासक्रम प्रत्यक्षात पुरा करू शकेल काय, याचे मूल्यमापन अपंगत्व तपासणाऱ्या मंडळाने केले पाहिजे.

चुलत्यांच्या सूचनेस माझे उत्तर एवढेच की, क्षयाची पाठतपासणी २ वर्षे चालू असताना आणि मनाची औषधे सुटलेली नसताना स्थळ पाहणे हा उपचार नव्हे, आणि तो ठराव मुलीच्या गैरहजेरीत तर होऊच नये.

अर्जाच्या मसुद्यात दया, विनवणी, गरिबी यांची वर्णने घालू नयेत. आजाराचे नाव, निदानाची तारीख, उपचार कोठे व किती काळ झाला, तो पुरा केव्हा झाला, सध्याची औषधे कोणती, आणि कोणत्या तारखेपासून रुजू होण्याची परवानगी मागत आहोत, इतकी हकीकत एका पृष्ठात मावते. सोबत डिस्चार्ज कार्ड, उपचार पूर्ण झाल्याचा दाखला आणि क्षय व मनोविकार या दोन्हींच्या तज्ज्ञांची प्रमाणपत्रे जोडावीत. शिष्यवृत्ती चालू असल्यास खंडाविषयी समाजकल्याण कचेरीत, आणि शैक्षणिक कर्ज असल्यास बँकेतही, स्वतंत्र लेखी कळवावे. अर्जावर सही मुलीची असावी, आणि तो सादर करतानाही तीच पुढे असावी. आपण सोबत जावे, पण अधिष्ठात्यांच्या प्रश्नांना उत्तरे तिला देऊ द्यावीत.