लेकराचं तोंड दिसतं

सेलूची, पालमची, सोनपेठची मुलं आता शिकायला लांब जातात. कुणी नांदेडला, कुणी पुण्याला. परभणीहून पुणे म्हणजे रात्रभराचा प्रवास. रोज कोण जाणार? पूर्वी आपण पत्राची वाट बघत होतो. मग फोन आला. फोनवर मुलगा म्हणतो, "बरं आहे." पण बरं आहे की नाही, ते तोंड बघितल्यावरच कळतं.

२०१६ साली व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल सुरू झाला. बोलणारा माणूस त्यात समोर दिसतो. त्यासाठी मोठ्या पडद्याचा मोबाइल आणि इंटरनेट लागते. कॉलचे वेगळे पैसे पडत नाहीत, पण रिचार्जमधला डेटा खर्च होतो. नुसत्या बोलण्यापेक्षा चित्राला डेटा बराच जास्त लागतो.

लेकरू सुट्टीत घरी असेल, तेव्हाच हे शिकून घ्यावे. मोबाइल मात्र आपल्या हातात धरावा. मुलं भराभर बोट फिरवतात आणि म्हणतात, "झालं, बघ!" त्याने आपल्याला काही येत नाही.

व्हॉट्सॲपची खूण हिरवी, आत पांढरा फोन. ती दाबली की नावे दिसतात. मुलीचे नाव दाबावे. वरच्या बाजूला कॅमेऱ्याची खूण असते, ती दाबावी. मुलीने अंगणात जावे, आपण घरातून कॉल लावावा. असे चार वेळा केले, की हात बसतो.

कॉल लागला की पुष्कळ जण मोबाइल कानाला लावतात. मग पोरीला आईचा नुसता कान दिसतो! मोबाइल तांब्याला टेकवून समोर ठेवावा. दाराकडे पाठ करून बसू नये, तोंड काळे दिसते. उजेड तोंडावर घ्यावा. पत्र्याच्या घरात रेंज येत नसेल, तर ओट्यावर यावे. चित्र अडकू लागले, तर कॅमेरा बंद करून नुसते बोलावे.

तिकडचे बघावे, तसे इकडचेही दाखवावे. म्हशीचे वासरू, फुटलेला कापूस, आजीचे हसणे. लांब राहणाऱ्या लेकराला त्याची भूक असते.

आता एक जपण्याची गोष्ट. पोलिसाचा वेश घालून ठग व्हिडिओ कॉल करतात. म्हणतात, "तुमच्या मुलाला पकडलंय. पैसे पाठवा, कुणाला सांगू नका." आईबापाचा जीव गोळा होतो, आणि तेच त्यांना हवे असते. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची सोय कायद्यात नाही. तो कॉल तोडावा. मुलाच्या नेहमीच्या नंबरवर आपणच फोन लावावा. त्याने उचलला नाही, तर त्याच्या मित्राला किंवा वसतिगृहात विचारावे. ते नंबर आधीच वहीत लिहून ठेवावेत. घरातला एखादा गुपित शब्दही ठरवावा, समजा बैलाचे नाव. आवाजाची नक्कलही आता यंत्राने होते, पण हा शब्द ठगाला ठाऊक नसतो. मोबाइलवर आलेला सहा आकड्यांचा कोड कुणालाच सांगू नये.

पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नये. लगेच १९३० या सरकारी नंबरवर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. तासाभरात कळवले तर पैसे अडवता येण्याची आशा असते. उशीर झाला, की ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पुढे जातात.