जुन्या चादरी-साड्यांचे पडदे : कापड फुकट, मेहनत फुकट नाही!



जुन्या बेडशीटचे आणि साड्यांचे पडदे शिवायचा व्हिडिओ तुम्ही पाहिलात. त्यात मापं पटापट सांगितली होती, म्हणून इथे सगळं सावकाश लिहून देते. शेवटी भाव कसा सांगायचा ते आहे. तो भाग सोडू नका, कारण ऑर्डर मिळूनही हातात काही उरत नाही, ते तिथेच.

१) आधी कापड तपासा

कापड उजेडासमोर धरा. पाठ आणि गुडघे घासतात तिथे चादर विरलेली असते. दोन्ही अंगठ्यांनी हलकं ताणून बघा. 'चर्र' आवाज आला तर ते कापड पडद्याला नको, उशीच्या आतल्या खोळीला वापरा. साडीत फॉलजवळ आणि निऱ्यांच्या जागी बघा.

जुन्या सुती कापडाचा एक फायदा असतो. ते धुऊन धुऊन आधीच आटलेलं असतं, त्यामुळे शिवल्यावर पडदा वर चढत नाही. तरीही कापायच्या आधी एकदा धुऊन इस्त्री कराच.

रेशमी साडी उन्हाच्या खिडकीला थेट लावू नका, उन्हाने रेशीम कमजोर होतं. मागे जुन्या चादरीचं अस्तर द्या. सिंथेटिक साडी गॅसजवळच्या खिडकीला अजिबात नको.

२) एका डबल बेडशीटमधून दारासाठी दोन पडदे

समजा चादर ९० × १०८ इंच आहे. लांबीच्या दिशेने मधोमध कापली की ४५ इंच रुंदीचे दोन तुकडे मिळतात.

- दाराचा तयार पडदा ७ फूट, म्हणजे ८४ इंच
- वरची दुमड ४ इंच, खालची दुमड ४ इंच
- एकूण लागणारी लांबी ९२ इंच

१०८ मधून ९२ गेले, १६ इंच उरले. त्यातून पडदा बांधायचे पट्टे निघतात. कापलेल्या बाजूला दीड इंच दुमड जाते, दुसऱ्या बाजूला चादरीची तयार किनार असतेच. म्हणजे तयार रुंदी साडेत्रेचाळीस इंच.

रॉडच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट कापड असलं तरच चुण्या छान पडतात. साडेतीन फुटी दाराला हे दोन्ही पडदे मिळून व्यवस्थित पुरतात.

३) साडीचं गणित

साडेपाच मीटर म्हणजे जवळपास २१६ इंच. दाराचे दोन पडदे काढले की १८४ इंच जातात आणि ३२ इंच उरतात. कापणी अशी करा की उरलेल्या भागात पदर येईल, नाहीतर एकाच पडद्यावर पदर येतो आणि जोडी जुळत नाही. त्या पदराची वरची झालर करा, साडीची खरी शोभा तिथेच दिसते. पाच फुटी खिडकीचे पडदे हवे असतील तर ६८ इंचाचे तीन तुकडे निघतात. काठ दोन्ही बाजूंना तयार असल्यामुळे बाजूची शिलाई वाचते.

सोलापुरी चादर मात्र कापूच नका. वजनदार असते, उजेड चांगला अडवते. क्लिपवाल्या रिंगा लावून मजबूत रॉडवर तशीच टांगा. उद्या पुन्हा अंगावर घेता येते!

४) रिंगा की नेफा?

नेफा म्हणजे वरच्या दुमडीतून सरळ रॉड ओवायचा. स्वस्त आणि झटपट, पण रोज सरकवायच्या पडद्याला अडकतो. तिथे रिंगा बऱ्या. वरच्या दुमडीत बक्रम घाला. रिंगा नेहमी सम संख्येत, ८ घ्या, म्हणजे दोन्ही टोकं भिंतीकडे वळतात. पहिली आणि शेवटची रिंग कडेपासून २ इंचांवर, मधल्या जागेचे ७ समान भाग करा. अंतर साधारण साडेपाच इंच येतं.

५) आता भाव

गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, कापड तर आमचंच आहे, शंभर रुपयांत जोडी करून द्या ना." आणि आपण संकोचून हो म्हणतो. त्याआधी हा हिशोब मांडा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे भाव घाला.

रिंगांची एक जोडी :
- मेहनत २ तास × ८० = १६० रुपये
- रिंगा १६ × ६ = ९६ रुपये
- बक्रम अडीच मीटर × १६ = ४० रुपये
- दोरा, सुई, वीज = १४ रुपये
- एकूण खर्च ३१० रुपये
- २० टक्के नफा ६२, म्हणजे ३७२. सांगायचा भाव ३७५ रुपये.

नेफ्याची जोडी : मेहनत दीड तास १२०, दोरा-वीज १०, नफा २६. एकूण १५६, सांगायचा भाव १६० रुपये.

म्हणजे शंभर रुपयांत रिंगांची जोडी दिली तर रिंगांचे ९६ वजा जाता ४ रुपये उरतात, त्यात बक्रमही भागत नाही. दोन तास राबून वर खिशातले घालायचे? त्यापेक्षा दोन्ही भाव वहीत लिहून गिऱ्हाईकासमोर ठेवा. "कमी बजेट असेल तर नेफा करूया" असं म्हणा. भाव पाडायचा नाही, काम कमी करायचं. नफा वेगळा धरायचा, कारण मशीन बिघडलं की दुरुस्ती त्यातूनच होणार.

६) कात्री लावण्याआधी

पडद्याला आलेली साडी कधी कधी आईची आठवण असते. एकदा कापली की परत जोडता येत नाही. म्हणून तीन गोष्टी कराच : कापडाचा फोटो काढा, आधीचे डाग-विरलेल्या जागा गिऱ्हाईकाला दाखवा आणि कुठे कापणार ते व्हॉट्सॲपवर लिहून होकार घ्या. होकार आल्याशिवाय कात्री नाही. उरलेले तुकडेही न विचारता ठेवून घेऊ नका, परत द्या. ज्या घरात तुमच्यावर असा विश्वास बसतो, ते घर ब्लाउजपासून उशीच्या खोळीपर्यंत सगळं तुमच्याकडेच आणतं.

या आठवड्याचा गृहपाठ : घरातली एक जुनी चादर घ्या, एक पडदा शिवा आणि घड्याळ लावून प्रत्येक कामाला किती मिनिटं लागली ते लिहा. माझे दोन तास धरू नका, तुमचा वेळ तुमचाच. तो आकडा घालून तुमचं दरपत्रक बनवा आणि कमेंटमध्ये टाका, पुढच्या भागात त्यातली काही आपण मिळून तपासूया.