यानाकात तारीख उलटलेला रोल

डिसेंबरात टोकियोत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. पुण्यात त्या दिवसांत सहापर्यंत उजेड असतो. त्या सवयीने जेवण आटोपून सावकाश निघालेला माणूस तीन वाजता निप्पोरी स्टेशनवर उतरला, तर त्याच्या हातात फोटोंसाठी जेमतेम तासभर उरतो. मी अशीच उतरले. गळ्यात निकॉन एफएम२, पिशवीत चारशे आयएसओचे तीन रंगीत रोल. तिन्ही डब्यांवर एकच तारीख, जून २००३.

रोल सोलापूरचे. मामांचा फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा कपाटाच्या वरच्या फळीवर राहिलेले. मे महिन्यात चाळिशी ओलांडणारा सोलापूरचा पारा त्यांनी वीस-एक उन्हाळे सोसला होता. हे मला माहीत होतं, तरी कॅमेऱ्याच्या चकतीवर मी चारशेच लावलं, कारण डब्यावर चारशे लिहिलं होतं. पुढचं बरंचसं नुकसान त्या आकड्याने केलं.

यानाका हा टोकियोच्या ताइतो भागातला जुना मोहल्ला. १९२३च्या महाभूकंपानंतरच्या आगीतून आणि १९४५च्या बॉम्बहल्ल्यांतून त्याचा बराचसा भाग वाचला. १६५७च्या मोठ्या आगीनंतर शहरातली कितीतरी देवळं इकडे हलवली गेली, म्हणून आजही दर दोन वळणांवर एखादं देऊळ लागतं. मधे लाकडी घरं, दारापुढे ओळीने कुंड्या, भिंतीला टेकवलेली सायकल. स्टेशनकडून आलं की ‘युयाके दानदान’ म्हणजे संध्याकाळच्या लालीच्या पायऱ्या उतरून माणूस यानाका गिन्झा या छोट्या बाजारगल्लीत पोचतो. यानाका, नेझू आणि सेंदागी या तीन शेजारी वस्त्यांना मिळून ‘यानेसेन’ म्हणतात. हे नाव रुळवलं ते मोरी मायुमी आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली सुरू केलेल्या छोट्या त्रैमासिकाने. २००९पर्यंत त्यांनी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आणि गल्लीबोळांचा इतिहास टिपून ठेवला. अशा ठिकाणी फिल्मचा कॅमेरा घेऊन जावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. जुनी वस्ती, जुना कॅमेरा, जुना रोल, असं मनात आपोआप जुळतं.

ते तसं जुळत नाही. वस्तीचं जुनेपण खांबांत, कौलांत आणि माणसांच्या राबत्यात असतं. रोलचं जुनेपण म्हणजे निव्वळ रसायनांची झीज.

फिल्मवरचे चांदीच्या क्षाराचे कण उष्णतेने आणि वातावरणातल्या नैसर्गिक किरणोत्साराने वर्षानुवर्षं हळूहळू बिघडत जातात. प्रकाश न पडताही धुताना काळे होतात. निगेटिव्हवर सगळीकडे एक राखाडी पडदा चढतो, त्याला फॉग म्हणतात. कण जितके मोठे तितका हा त्रास लवकर, म्हणून आठशे-सोळाशेचा रोल आधी जातो आणि शंभर किंवा त्याखालचा कृष्णधवल रोल पुष्कळ टिकतो. रंगीत रोलमध्ये रंगांचे तीन थर वेगवेगळ्या वेगाने मरतात, त्यामुळे फोटो हिरवट किंवा जांभळट होतो. आणि या सगळ्यात पहिला बळी जातो तो सावलीचा. सावलीतून फिल्मवर आधीच थोडा प्रकाश पोचतो, तो या पडद्याखाली बुडून जातो.

यानाकाचं तर सगळं वैभव सावलीत आहे. वळचणीखाली, देवडीच्या आत, दोन घरांमधल्या हातभर बोळात.

पुण्याला परतून रोल धुवायला टाकले. पहिल्याची पट्टी उजेडासमोर धरली तर ती पातळ, मळक्या चहासारखी. कडेला कारखान्यातून येणारे फ्रेमचे आकडेसुद्धा फिके पडले होते. एका फ्रेममध्ये गल्लीच्या वरची आभाळाची चिंचोळी पट्टी आली होती आणि एका दुकानाची पांढरी पाटी. त्या पाटीखाली एक आजी स्टुलावर बसून मुळे निवडत होती. मी तिला विचारलं होतं, ‘‘शाशिन, तोत्तेमो ई देस का?’’ म्हणजे फोटो काढू का? तिने मान डोलवली, एप्रन सारखा केला आणि पुन्हा मुळ्यांकडे वळली. निगेटिव्हवर तिच्या जागी काहीच नव्हतं.

दुसऱ्या रोलवर कडेचे आकडे होते आणि मधे छत्तीसच्या छत्तीस जागा कोऱ्या. ही खूण ओळखून ठेवावी. आकडेही आले नाहीत तर धुण्यात चूक. आकडे आले आणि चित्र नाही, तर बहुतेक रोल कॅमेऱ्यात पुढे सरकलाच नाही. वर्षानुवर्षं डब्यात गुंडाळून राहिलेली फिल्म कडक होते, तिचं टोक स्पूलच्या खाचेतून सहज निसटतं. रोल भरल्यावर रिवाइंडची कळ हलक्या हाताने फिरवून ढिलाई काढायची आणि पुढच्या प्रत्येक ओढीला ती कळ उलटी फिरते का, ते बघायचं. दोन सेकंदांचं काम आहे. थंडीने बोटं आखडली होती, उजेड पळत होता, आणि मी ते केलं नाही.

निगेटिव्ह रोलसाठी जाणकारांचा हिशेब असा: मुदत संपल्यावर दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जादा, म्हणजे दुप्पट, प्रकाश द्यायचा. वीस वर्षांमागे दोन स्टॉप, म्हणजे चारशेचा रोल शंभरचा मानायचा. फ्रिजमध्ये राहिला असेल तर थोडं कमी चालतं, सोलापूरच्या कपाटात राहिला असेल तर पन्नासच धरलेला बरा. स्लाइडच्या रोलला मात्र हा हिशेब लावू नये, जास्त प्रकाशाने ती पार धुऊन निघते. लॅबवाल्याला ‘पुश करा’, म्हणजे जास्त वेळ धुवा, असंही सांगू नये, त्याने चित्राबरोबर फॉगही वाढतो. आणि कोडॅक्रोमचा रोल मिळाला तर आठवण म्हणून ठेवावा. त्याचे रंग उमटवणाऱ्या शेवटच्या लॅबने २०१०च्या ३० डिसेंबरनंतर रोल घेणं थांबवलं.

आता या हिशेबाचा यानाकात काय अर्थ होतो ते बघा. पन्नासच्या रोलला हिवाळ्यातल्या दुपारी तीननंतर बोळात शटर इतकं मंद ठेवावं लागतं की हातात धरलेला कॅमेरा हलणारच. म्हणजे जुना रोल वापरायचा तर सकाळी नऊ-दहाला जायचं, ऊन जिथे थेट पडतं तिथे वापरायचा, आणि सावलीसाठी दुसऱ्या कॅमेऱ्यात ताजा रोल ठेवायचा. त्याआधी, त्याच साठ्यातला, त्याच तारखेचा एक रोल घरी बळी द्यायचा. एकच दृश्य डब्यावरच्या आकड्याला, मग एक, दोन, तीन स्टॉप जास्त देऊन काढायचं. कोणती फ्रेम जगते ते तिथेच कळतं.

विमानतळावरही जपावं. चेक-इनच्या सामानात रोल टाकूच नयेत, तिथली यंत्रं जास्त जोरकस असतात. हातातल्या सामानासाठी आता ठिकठिकाणी सीटी यंत्रं आली आहेत, त्यांतून रोल नेऊ नका असं कोडॅकही सांगते. पारदर्शक पिशवीत रोल वेगळे काढून हाताने तपासायची विनंती करावी. आधीच फॉग चढलेल्या रोलला आणखी मार सोसत नाही.

टोकियोच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत ‘जंक’ लिहिलेल्या टोपल्या असतात. जंक म्हणजे हमी नाही, परतही घेणार नाहीत. सत्तरच्या दशकातला कॅमेरा असेल तर मागचं दार उघडून कडेच्या फोमला बोट लावून बघावं. काळा चिकट लगदा बोटाला आला तर उजेड आत शिरणार. आणि तारीख उलटलेल्या रोलच्या दोषात या कॅमेऱ्याचा दोष मिसळला की कोणाचं काय बिघडलं ते शोधता येत नाही.

जाडसर ग्रेन आणि हललेली चित्रं पाहून कुणाला छायाचित्रकार मोरियामा दाइदो आठवतील. १९६८-६९ साली निघालेल्या ‘प्रोव्होक’ या नियतकालिकाच्या मंडळींच्या, म्हणजे त्यांच्याही, चित्रांना ‘आरे, बुरे, बोके’ म्हणत, खरखरीत, हललेलं, धूसर. पण ते त्यांनी निवडलेलं होतं. काय गमवायचं आणि काय राखायचं हे त्यांच्या हातात होतं. मोहल्ल्यातून एकदाच जाणाऱ्या प्रवाशाने ती निवड कपाटातल्या उन्हाळ्यांवर सोडू नये, असं मला कळकळीने वाटतं. यानाकाच्या दफनभूमीत पाचमजली पॅगोडाचे पायाचे दगड आहेत. १७९१ साली उभारलेला तो पॅगोडा १९५७च्या जुलैत जळून गेला. या वस्तीतही वस्तू जातात, आणि मग फोटोच उरतात.

पहिल्या रोलवर धड म्हणावी अशी एकच फ्रेम आहे. यानाकात एका तिठ्यावर हिमालयातला देवदार उभा आहे. कधीकाळी कुंडीत लावलेलं रोप वाढून एवढं झालं, असं सांगतात. त्याच्या बुंध्याशी पावाचं छोटं दुकान आहे. फ्रेममध्ये आभाळावर देवदाराचा शेंडा स्पष्ट आहे, फांद्यांचे थर मोजता येतात. खालच्या अर्ध्यात दुकान, काच, दारातली सायकल काही नाही, नुसता हिरवट करडा पडदा.

तिसरा रोल आता फ्रिजमध्ये आहे. डब्यावर कागदाची पट्टी चिकटवून पेनाने ‘५०’ लिहिलं आहे. तो आधी सोलापुरात, मामांच्या बंद स्टुडिओच्या पायरीवर, भर उन्हात वापरणार आहे.